महालहर आली हो

सगळं सभागृह फोन उंचावून उभं होतं. "आता डोळे मिटा," मंचावरचा मोबाइल कंपनीचा टायवाला माणूस म्हणाला, "आणि उघडा." फोनच्या कोपऱ्यात कंपनीच्या नव्या, वेगवान नेटवर्कचं नाव निळ्या अक्षरांत चमकलं : महालहर. लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

"मनात आणलं की उघडतोय माझा फोन," आमचा न्हावी म्हणाला. शेजारच्या निवृत्त कारकुनाच्या तळहाताला तर गारवा जाणवत होता.

आजचा दिवस महालहर सगळ्यांना फुकट होती, आणि पुढच्या वर्षभराच्या कराराला आजच सवलत होती. रांगेत पहिली माझी वहिनी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. परगावच्या लेकीशी ती फोनवर हातांनीच बोलते. चित्र अडकलं की लेकीचे हात थांबतात आणि वाक्य अर्धंच राहतं. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. करारासाठी वहिनी शिलाई मशीन विकायला निघाली होती, आणि मला तिची दया येत होती, टायवाल्याचा संताप.

माझं औषधाचं दुकान आहे. बाटलीवरची चिठ्ठी बदलून खोकला जात नाही, एवढं मला कळतं. मी दुकानातून चिकटपट्टी आणली. कंपनीच्या टेबलावर एकसारखे फोन मांडले होते, काहींत महालहर होती, काहींत अजून यायची होती. सगळ्यांचे कोपरे झाकले, फोन मिसळले आणि न्हाव्याला म्हटलं, "ओळख."

त्याने दोन-चार फोन चालवून पाहिले. "हा. काय पळतोय बघा." पट्टी काढली, तर कोपरा कोरा. कारकुनाला ज्यातून गारवा आला, तोही कोराच निघाला. लोक हसू लागले.

"साहेब, ही अनुभवायची गोष्ट आहे," टायवाला म्हणाला.

"तेच तर चाललंय. टॉवर नवा बसवलात का?"

"टॉवर... येणारच आहे."

"मग आज बदललं काय?"

"चिन्ह," तो घाम पुसत म्हणाला. "ग्राहकांच्या मनाची तयारी व्हावी म्हणून."

मी वहिनीला हातांनी सगळं सांगितलं. तिने तिथेच लेकीला फोन लावला. कोपऱ्यात महालहर झळकत होती, आणि लेकीचे हात नेहमीसारखे मधेच थांबले. वहिनीने तो फोन टायवाल्याच्या नाकासमोर धरला. तो टेबलावरचे फोन गोळा करायला लागला.

मशीन घरीच राहिलं. वहिनी बसने लेकीकडे गेली. नात झाली तेव्हा ती समोर होती आणि मायलेकींचं बोलणं एकदाही अडकलं नाही.

तुम्हाला कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याचं नाव झाका आणि मग फरक पडतो का बघा. चिकटपट्टी नसली, तर माझ्या दुकानातून फुकट घेऊन जा.