सहा कच्चे पाव

“ड्रॉवरमधलं पाकीट कोणी घेतलं?” आजोबांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

त्यांच्या एका हातात सुतळीचा गुंडा होता, दुसऱ्या हातात लाकडी खुंट्या, आणि बूट मातीने इतके भरले होते की ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते. मी ओव्हनसमोर उकिडवी बसले होते. काचेमागे माझे बारा पाव फुगत होते आणि त्यांच्याबरोबर मीही.

“कुठलं पाकीट? चर्चचं, दानाचं?” मी म्हणाले. “ते मी रिकामं केलं. खसखस होती त्यात. जरा काळी होती, म्हटलं वेगळ्या जातीची असेल. बघा ना आजोबा, कसली मस्त दिसतेय!”

आजोबा काही बोलले नाहीत. यात नवल नव्हतं, कारण आजोबा बोलत नाहीतच. छत्तीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचले. फाटक उघडायचं, वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, फाटक लावायचं. त्यात बोलायचं काय? बोलायचं खातं आजीकडे होतं. कोणाच्या फाटकाशी काय फुललंय ते आजोबा बघून यायचे आणि दुसऱ्या दिवशी आजी तिथे जाऊन, तासभर गप्पा मारून, बी मागून आणायची. आमची अर्धी बाग अशी मागून आणलेली आहे. आजीला जाऊन आता सात महिने झाले होते.

पण या वेळचं न बोलणं वेगळं होतं. त्यांनी खुंट्या उंबऱ्यावर ठेवल्या. एकेक, नीट रांगेत.

“ती खायची नव्हती गं,” ते म्हणाले. “पेरायची होती.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीखालची लाल फुलं! कागदासारखी पातळ, वाऱ्याने थरथरणारी. त्यांचं बी आजीने लग्नाच्या वर्षी आणलं होतं. दर उन्हाळ्यात बोंडं फुटायच्या आत ती सगळी काढून घ्यायची आणि बी दानाच्या जुन्या पाकिटात भरून ठेवायची. पाकिटावर कधी काही लिहायची नाही. तिला माहीत असायचं. गेल्या वर्षीचं बी तिने स्वतःच्या हाताने भरलेलं शेवटचं.

दादा टेबलाशी बसून मी आधी भाजून बघितलेला, फसलेला पाव खात होता. “शाब्बास, भोंगा!” तो म्हणाला. “अख्खी बाग भाजलीस.”

“तू गप्प बस रे,” आई आतल्या खोलीतून ओरडली.

भोंगा म्हणजे मी. मागच्या वर्षापर्यंत मी चर्चमध्ये आईच्या पदरामागून बाहेर यायचे नाही. मग एका रविवारी पाळकांनी शास्त्रपाठ वाचायला उभं केलं, आणि माझा आवाज चक्क शेवटच्या बाकापर्यंत पोचला! तेव्हापासून तो थांबलेलाच नाही. त्याच जोरावर गेल्या रविवारी मी मंडळीसमोर जाहीर केलं होतं की पुढच्या रविवारी उपासनेनंतरच्या वार्षिक नाश्त्याला आमच्या घरचे पाव येणार, दरवर्षी आजीचे यायचे तसेच. मला कोणी विचारलंही नव्हतं.

मी ओव्हनच्या दाराकडे झेपावले.

“उघडू नकोस,” आजोबा पटकन म्हणाले. “मध्येच उघडलंस तर बसतील.”

म्हणजे बघा. आजीचं बी आत भाजत होतं आणि यांना काळजी माझ्या पावांची. तिथे मला रडू फुटलं. भोंग्याचं रडणं कसं असतं ते सांगायला नको. रडता रडता नाक पुसायला ओट्यावरचं फडकं ओढलं आणि खाली दुसरा ट्रे दिसला.

“आजोबा! सहा कच्चे आहेत!”

सहा पांढरे गोळे, दुधाने चकचकीत, आणि प्रत्येकावर काळे ठिपके. मी ओल्या बोटाने एकेक दाणा टिपायला लागले. दादा स्वतःचा चिमटा घेऊन आला, हे मी मान्य करते. पंधरा मिनिटांत आमचे मिळून अकरा दाणे निघाले, त्यातले दोन दादाने शिंकून उडवले.

तेवढ्यात आजोबांनी बूट काढले, हात धुतले आणि आत आले. आजी गेल्यापासून ते स्वयंपाकघरात चहाच्या कपापुरते यायचे. आज त्यांनी कलमं करायची छोटी सुरी आणली होती. ती पाण्यात बुडवून त्यांनी एका गोळ्याच्या वरच्या पापुद्र्याखाली सरकवली. वाऱ्याने तो जरा सुकला होता. अख्खा निघाला, पाकिटावरचं तिकीट सोडवावं तसा, सगळ्या दाण्यांसकट.

“दूध लावलंस वाटतं,” ते म्हणाले.

“आजी लावायची ना.”

“हं. मी म्हणायचो, पाण्यानेही भागतं. ऐकायची नाही.” दुसरा पापुद्रा सुटेपर्यंत ते थांबले. “बरंच झालं. पाण्याने इतकं चिकटलं नसतं.”

आजोबांच्या मानाने हे भाषण होतं.

सहा पापुद्रे पोळपाटावर घेऊन आम्ही खिडकीखाली गेलो. माती त्यांनी सकाळीच चाळून ठेवली होती. सुतळी ताणून झाल्यावर त्यांनी एकेक पापुद्रा दाणे खाली येतील असा पालथा घातला, तळहाताने दाबला, वर चिमूटभर माती भुरभुरली. “खोल गेली तर येत नाही. उजेड लागतो तिला.”

“पाव पेरतोय आपण,” दादा म्हणाला. “उद्या बेकरी उगवेल.”

आजोबांचे खांदे हलले. त्यांचं हसणं असंच, खांद्यात.

“येतील का हो, आजोबा? खरं सांगा.”

त्यांनी हाताची माती झटकली. “मला मीटर वाचता येतो,” ते म्हणाले. “हे नाही वाचता येत.”

सोललेले सहा पावही आम्ही भाजले. दादाने त्यांचं ‘सहा टकले’ असं बारसं केलं.

रविवारी उपासनेनंतर सगळे टेबलाभोवती जमले. पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, “आभार कोण मानणार?” दरवर्षी आजी मानायची. सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. भोंगाच ना मी! मी उभी राहिले, ट्रेमधल्या त्या बारा खसखशीच्या पावांकडे पाहिलं, आणि तोंडातून शब्द फुटेना. एकही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आजोबा उभे होते. मीटर वाचताना पाहावं तसं त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं.

“प्रभू,” ते म्हणाले, “पाव दिलेस. करणारी दिलीस. पेरायलाही थोडं ठेवलंस. आमेन.”

एवढंच. तरी पाळकबाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मग पाव इतके भराभर संपले की दादाला एकही खसखशीचा मिळाला नाही. आजोबांनी टकला घेतला, रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या खिशात ठेवला.

घरी आलो तर वाफ्यावर चिमण्या! पाच-सहा, आणि माती उकरायच्या बेतात. आजोबांनी कोटही बदलला नाही. बादली उपडी घातली आणि रविवारच्या पॉलिश केलेल्या बुटांनिशी वाफ्याशेजारी बसले. त्यांनी चिमण्यांना हाकललं नाही. खिशातून तो टकला काढला, त्याचा चुरा केला आणि लांब, फाटकापाशी फेकला. चिमण्या तिकडे उडाल्या. थोड्या वेळाने परत आल्या की पुन्हा थोडा चुरा, पुन्हा फाटकाकडे.

मी मागच्या दारातून दुसरी बादली आणली, त्यांच्या बादलीशेजारी उपडी घातली आणि बसले. त्यांनी उरलेल्या पावाचा अर्धा भाग माझ्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो होतो आणि, कोणाला खरं वाटणार नाही, मी एक शब्दही बोलले नाही.