फाटकाची दोरी

जो केवळ पाहावयास जातो, त्याच्यावर पाहिलेल्याचे उत्तरदायित्व नसते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु मार्गातील एका वस्तूलाही त्याने हात लावला, की तो साक्षी उरत नाही. तो कर्ता होतो. कॅन्ससच्या माळावर, मे महिन्याच्या एका अपराह्णी, डेल्बर्ट उन्रूह यांच्यावर ही वेळ आली.

डेल्बर्ट हे गव्हाच्या कोठारावरून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. पुतणी ट्वायला हिच्या गाडीतून टॉर्नेडोंच्या, म्हणजे मेघातून भूमीवर उतरणाऱ्या चक्रवातांच्या, मागे हिंडणे हे त्यांचे वसंतातील व्रत होते. पावसाआडचे, धुळीत लपलेले असे अनेक त्यांनी पाहिले होते. मेघापासून भूमीपर्यंत निर्मळ उभा असा एकही नाही. आता त्यांच्या दृष्टीचा मध्यभाग झाकोळत होता. पुढील वसंतापर्यंत ती टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

त्या दिवशी सकाळी ते दक्षिणेकडे उतरले, मग ढग पाहून पश्चिमेला वळले.

"काका, काकडीच्या लोणच्याचं पाणी सीटवर सांडू नका हं. मागच्या वर्षीचा वास अजून गेला नाहीये."

"त्या वासावरूनच तर आपली गाडी ओळखतो मी. दिसतंय कुठं मला?"

एका कच्च्या रस्त्यावर त्यांना कुरणाचे फाटक सताड उघडे आढळले. गायी रस्त्याकडे सरकत होत्या आणि वादळामागे निघालेल्यांच्या गाड्या भरधाव जात होत्या. कुणी विसरले असावे, असे मानून डेल्बर्ट उतरले, फाटकात गुंतलेली सुतळी चाचपडत सोडवून खिशात टाकून त्यांनी फाटक लावले आणि ते परतले. फाटक जसे आढळेल तसेच ठेवावे, हा त्या प्रदेशाचा नियम त्यांना ठाऊक होता. करुणेने त्यांनी तो मोडला.

पुढच्या चढावर ट्वायलाने गाडी थांबवली. पश्चिमेला काळ्या मेघाच्या तळाशी एक भाग संथपणे फिरू लागला होता आणि त्यामागचे आकाश स्वच्छ होते.

"काका, उतरतोय! आणि मध्ये पाऊस नाही!"

चष्मा पुसण्यासाठी डेल्बर्ट यांनी खिशातून रुमाल काढला. त्याच्यासोबत गाठीचे वळण राहिलेला सुतळीचा तुकडा आला. डोळ्यांना जे दिसले नव्हते ते बोटांना आता उमगले.

"ट्वायला, गाडी वळव."

"काय? वेड लागलंय का तुम्हाला?"

"ते फाटक कुणी विसरलं नव्हतं. कुंपणाला बांधून उघडं ठेवलं होतं. गायींना रस्त्यापलीकडं ओढ्याच्या खोलगटात जाता यावं म्हणून. गाठ मीच सोडली, बघ."

"परत गेलो तर हा गेला म्हणून समजा. ही शेवटची संधी आहे, काका."

"माहितेय मला. वळव."

गायी बंद फाटकाशी एकमेकींवर रेटत होत्या. ट्वायलाने गाडी रस्त्यात आडवी लावून वाहने अडवली. डेल्बर्ट यांनी फाटक उघडले, कुंपणाशी नेले आणि वाकून सुतळी बांधू लागले. वारा त्यांना ढकलीत होता. गायी त्यांना घासून पलीकडे उतरू लागल्या.

"काका, मागं बघा! पूर्ण उभा आहे, एकदा तरी बघा!"

"सोडलं हे तर वाऱ्यानं पुन्हा आपटेल. गाठ होऊ दे."

गाठ बसली आणि ते वळले, तेव्हा पावसाचा करडा पडदा आड आला होता. शेवटची गाय ओढ्यात उतरताच ट्वायलाने त्यांना ओढून गाडीत बसवले आणि पूर्वेला गाडी पळवली.

वादळ सरल्यावर ते परतले. कुरणाचे कुंपण उखडले गेले होते. फाटकाचा खांब मात्र उभा होता. कुरणाची मालकीण आयोन श्राग त्याच्यापाशी उभी होती. ओढ्यातून हंबरणे ऐकू येत होते.

"ही गाठ माझी नाही," ती म्हणाली. "कुणाची हो?"

"माझी. तुमची मीच सोडली होती. फाटक लावलं होतं."

आयोनने गाठ ओढून पाहिली. "माझ्यापेक्षा घट्ट बांधलीत," ती म्हणाली. "दिसलं का तुम्हाला ते वादळ?"

"नाही."

परतीच्या वाटेवर ट्वायला त्यांना सांगत राहिली: वर पांढरा होता, खाली मातीचा तांबूस, आणि किंचित वाकलेला. डेल्बर्ट डोळे मिटून ऐकत होते.

त्या डोळ्यांत उरलेला प्रकाश त्यांना पुरो; सांगणारीचा कंठ न थको; आणि त्या माळावरील गायी दरवर्षी सुखरूप ओढ्यापलीकडे पोहोचोत.