बारा बाटल्या

उत्तरेश्वरला कंपनीतल्या ग्रुपबरोबर ओमानच्या उघड्याबोडक्या डोंगरांत पाच दिवस चालायला जायचं होतं. त्यासाठी हा पठ्ठ्या रोज सकाळी कर्वेनगरातल्या सोसायटीचे चार मजले पाठीवर पाणी घेऊन चढायचा. तेही लिफ्ट चालू असताना! तिकडे दोन-दोन दिवस वाटेत पाण्याचा थेंब नाही, म्हणून ज्याचं पाणी त्यानंच वाहायचं. रविवारी परीक्षा होती. बारा लिटर पाणी घेऊन टेकडी चढेल तो येईल, बाकीच्यांनी घरी बसावं. निम्मी कंपनी जाणार आणि आपण मागे राहायचं, या धास्तीनं उत्तरेश्वरला जेवण गोड लागेना.

गावाहून आलेल्या त्याच्या आईला, कौशल्याबाईंना, शेवटी राहवेना. "आरं, वरची टाकी भरल्याली हाय की. मग ह्ये पानी कुनाला नेतोस?"

"सराव आहे, आई. जिथं जायचंय तिथं पाणी नाही."

"मग गावाकडंच चल की. तिथं तरी कुठं हाय!"

संध्याकाळी त्याच्या खांद्यांवरचे वळ बघून कौशल्याबाईंनी मुकाट्यानं बाम चोळून दिला.

रविवारी गडी सगळ्यांच्या आधी टेकडीवर! दम नाही, घाम नाही. "सराव हो, दुसरं काय," तो ऐटीत म्हणाला. ग्रुपची प्रमुख होती प्रियदर्शनी. तिनं त्याची सॅक वजनकाट्याला लटकवली.

"सहा किलो. उरलेलं पाणी ओमानला गेल्यावर भरणार का?"

सॅक उघडली. वरच्या सहा बाटल्या भरलेल्या, खालच्या सहा ठणठणीत कोरड्या. सगळे पोट धरून हसले.

तो तणतणतच घरी आला. "आई, बाटल्या कुणी ओतल्या?"

"म्या. चार दिसांचं शिळं पानी, तुळशीला घातलं."

"मग परत भरायच्या ना! अगं, माझं जाणं गेलं!"

"भरतच हुते. सहा भरल्या, आन् तुझ्या खांद्यावरचं वळ डोळ्यांपुढं आलं." कौशल्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. हंड्याखालची चुंबळ बसायची तिथं टाळूवर केसच उरले नव्हते. "वीस वरसं दोन कोसावरनं आनलं रं म्या. तुला वाहाया लागू नये म्हनून."

उत्तरेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन आला. पुढच्या रविवारी आणखी एकदा बघू म्हणाली. तो बाटल्या घेऊन नळापाशी गेला खरा, पण नळ सोडायला त्याचा हात होईना.

कौशल्याबाईंनीच नळ सोडला. मग जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून सॅकच्या पट्ट्याखाली नीट घडी करून बसवला.

"भर आता," त्या म्हणाल्या. "ह्यानं वळ उठायचं न्हाईत."