बाळ रडलं तर

“मावशी, माझा फोन द्या पटकन, बायको वाट बघत असेल.”

“बायको कसली वाट बघतेय, ती सुटकेचा श्वास घेत असेल. घे. आणि परत देताना तेलकट हातांनी देऊ नकोस.”

मधली सुट्टी झाली की खिडकीपाशी अशी झुंबड उडायची. कापड रंगवणाऱ्या त्या कंपनीत फोन आत न्यायला बंदी होती. सकाळी येताना प्रत्येकाने आपला फोन मावशीच्या खिडकीत ठेवायचा, सुट्टीत घ्यायचा, समोरच्या बाकावर बसून बोलायचं आणि पुन्हा ठेवून आत जायचं. मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती. पण कुणाची सासू छळते, कुणाचं जमलेलं लग्न मोडलं, कुणाला साखर निघाली, हे सगळं त्या खिडकीतून तिच्यापर्यंत आपसूक यायचं. कान म्हणजे काही झाकणाचं भांडं नव्हे. ऐकलेलं पोटात ठेवायचं, एवढं तिला जमत होतं.

पण हल्ली ते पोट भाड्याने गेलं होतं.

सुरक्षेचे साहेब स्वतः येऊन तिच्यासमोर स्टुलावर बसले होते. “मावशी, आपली निळाई बाहेर चाललीय. पलीकडच्या कंपनीच्या कापडाला हुबेहूब आपल्यासारखा रंग यायला लागलाय. मी कॅमेरे लावले, कुलपं बदलली. पण असलं गुपित खिशातून जात नाही हो, तोंडातून जातं. त्याला माणसाचाच कान लागतो.”

“म्हणजे चहाड्या करू?”

“चहाड्या नाहीत. राखण. ही कंपनी बसली तर किती घरांच्या चुली विझतील, सांगा बरं.”

रंगखात्यात निळीच्या वाफेने छाती धरली, तेव्हा कंपनीने मावशीला घरी न पाठवता ही खिडकी दिली होती. खाल्ल्या मिठाला जागायचं नाही, तर मग कशाला जागायचं?

ते रंगखातं अजून तिच्या अंगात होतं. नीळ नुसती पाण्यात टाकून विरघळत नाही. मोठ्या हौदात ती आंबवायची, उबेत ठेवायची, कोंडा आणि गूळ खायला घालायचा. म्हणून तिथल्या बायका हौदाला बाळ म्हणत. बाळ निजलं. बाळ रुसलं. आणि हौद बिघडून फसफसायला लागला की, बाळ रडलं. हौद ढवळताना त्या गुणगुणायच्या:

नीज नीज निळ्या, ऊब तुझ्या अंगा
फेसाचं टोपडं, नको करू दंगा

रडणाऱ्या बाळाला शांत कसं करायचं, तेच खरं गुपित. दुसरीकडे हौद फसफसला की घाबरून सगळा गूळ एकदम ओततात आणि हौद मरतो. इथे आधी हौदाच्या पोटाला तळवा लावून ऊब बघत, मग थोडं थोडं पाजत. हे मावशीला आक्काने शिकवलं होतं. आक्का म्हणजे रंगखात्यातली सगळ्यांत जुनी बाई. तिचा नवरा तिथेच बॉयलरवर होता. मावशीची छाती भरून आली की हीच आक्का तिला धरून बाहेर वाऱ्यावर नेऊन बसवायची आणि म्हणायची, “मर मेली, पण इथे नको मरू. मला तुझी पाळी करावी लागेल.”

त्या दिवशी आक्काने फोन घेतला. बाकाच्या टोकाला, खिडकीला अगदी लागून ती बसली आणि तोंडावर आडवा हात धरून बोलू लागली. एरवी बोलली की पार फाटकापर्यंत ऐकू जाणारी बाई!

“रडलं तर लगेच पाजू नकोस गं. आधी पोटाला हात लाव. गरम लागलं तर थांब जरा… येऊ दे फेस तोंडाला, नुसता पुसून घे. मग थोडं थोडं पाज. एकदम पाजलंस तर सगळं उलटेल. झाकून ठेव… आणि माझ्याकडून कळलं असं कुणाजवळ बोलू नकोस. इथे कुणाच्या कानावर गेलं तर माझं काही खरं नाही.”

मावशीच्या हातातला फोन तसाच हातात राहिला. फोन ठेवून आक्का वळली, आणि “काय गं, भूत बघितल्यासारखी?” म्हणून हसून आत गेली. ते हसणंसुद्धा मावशीला वेगळं वाटलं. एकदा मनात किडा शिरला की गोडाचाही वास आंबट येतो.

संध्याकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली. “आक्का बोलत होती. बाळाबद्दल.”

“कुणाच्या बाळाबद्दल?”

साहेबांना काही कळलं नव्हतं. तिथेच थांबली असती तर ते तिथेच मिटलं असतं. पण मावशीनेच उलगडून सांगितलं. “साहेब, बाळ म्हणजे हौद.”

चौकशी झाली. आक्काचा फोन जप्त झाला. त्यातला नंबर कुणा परक्या माणसाच्या नावावर निघाला आणि कंपनीतून फोन गेल्यावर पलीकडून कुणी उचललाही नाही. कुणाशी बोलत होतीस, या प्रश्नाला आक्काचं एकच उत्तर होतं, “माझ्या घरातलं होतं. पुढचं सांगणार नाही.” तिला कामावरून काढलं. बॉयलरवाल्याने फाटकात उभं राहून अख्ख्या पाळीसमोर आरडाओरडा केला, “माझी बायको सगळं करेल, चोरी करायची नाही!” मग माणसांनी त्याला धरून आत नेलं आणि तो पुन्हा बॉयलरवर उभा राहिला. करणार काय?

“तुम्ही राखलंत, मावशी,” साहेब म्हणाले. चोराची कीव करायची नसते, असं मावशीने स्वतःला बजावलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक मुलगी खिडकीत आली. कडेवर मूल. चेहरा बघून मावशीला वाटलं, हिला कुठेतरी पाहिलंय. मग ध्यानात आलं, तो चेहरा नव्हे, तसलं कपाळ पाहिलंय.

“रंगखात्यातल्या आक्का कुठे भेटतील? त्यांचा फोनच लागत नाही. मी… त्यांच्या ओळखीची.”

“ओळखीची की पोटची?”

मुलीचे डोळे एकदम भरले. आक्काला मुलगी आहे, हे मावशीला ठाऊक होतं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बॉयलरवाल्याने तिचं नाव टाकलं होतं. घरात ते नाव निघालं तर मी अन्न सोडीन, अशी शपथ घेतली होती त्याने. हळूहळू बाकीच्यांनीही ते नाव घेणं सोडलं, आणि मग ती मुलगी नव्हतीच असं झालं.

“बाबांना कळू देऊ नका,” मुलगी घाईघाईने म्हणाली. “आई इथूनच लपून बोलली होती माझ्याशी, नवऱ्याच्या नावावरच्या माझ्या फोनवर. हा फार रडतो हो. दूध उलटतं, तोंडाला फेस येतो. मी घाबरून पाजत सुटायचे. आई म्हणाली, आधी पोटाला हात लाव. तेवढंच एकदा बोलणं झालं, आणि मग कुणा भलत्याच माणसाचा फोन आला. मला वाटलं, बाबाच कुणाकडून करवतायत. म्हणून उचलला नाही.”

मुलाने मावशीकडे बघून जांभई दिली. मावशीने खिडकीची कड घट्ट धरली. छातीत निळीची ती जुनी वाफ पुन्हा दाटली, आणि वाऱ्यावर नेऊन बसवणारं आता कुणी नव्हतं.

तिने मुलीला आपल्या खोलीची किल्ली देऊन पुढे पाठवलं आणि साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून ठेवला. माणूस वाईट नव्हता. “मी त्यांना हात जोडून विचारलं होतं, मावशी. त्या बोलल्याच नाहीत. आता त्या मुलीला समोर आणा, सगळ्यांसमक्ष सांगू दे. मी परत घ्यायला लावतो त्यांना. माझी जबाबदारी.”

“सगळ्यांसमक्ष म्हणजे बॉयलरवाल्यासमक्षही?”

“ते टळायचं नाही.”

आक्का वसाहतीच्या नळावर भांडी घासत होती. मावशीला बघून तिने हात थांबवला नाही.

“तुझी लेक आलीय. माझ्या खोलीवर बसवलंय. नातवाला घेऊन आलीय.”

भांडं हातातून निसटून खणाणलं. आक्का ओल्या हातांनीच उभी राहिली आणि चालू लागली. मावशी तिच्या मागे. निम्मी वाट सरली. मग मावशीचा बांध फुटला.

“आक्का, ते मी सांगितलं साहेबांना.”

“ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? बाकावर मी, खिडकीत तू. आणि बाळ म्हणजे काय, ते त्या साहेबाला त्याच्या आईने सांगितलं होय?” आक्काने नाक पुसलं. “एकदा विचारायचंस गं मला. चार शिव्या घालून विचारायचंस. तुला सांगितलं असतं मी. तुला म्हणून सांगितलं असतं.”

मावशीने साहेबांचा निरोप सांगितला. सगळ्यांसमक्ष सांगितलं तर काम परत मिळेल. डागही धुऊन निघेल.

“आणि ह्यांना कळेल.”

“कळेल.”

“ते फाटकात माझ्यासाठी भांडले ना, ऐकलंस तू. एवढा विश्वास आहे त्यांचा. पण शपथेपुढे त्यांना काही दिसत नाही. उद्या अन्न सोडून बसले तर मी कुणाला सांभाळू?” ती जराशी थांबली. “राहू दे. कंपनीत मला चोर म्हणू देत. तू मात्र तोंड उघडू नकोस. एवढं एक तरी पोटात ठेव.”

मावशीने मान हलवली. आक्का क्षमेची वाट न बघता पुढे चालू लागली.

खोलीचं दार मुलीने उघडलं. आई आणि लेक उंबऱ्याच्या दोन बाजूंना नुसत्याच उभ्या राहिल्या. मग आक्का आत गेली. मावशीने बाहेरूनच दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसली.

आत कुणीतरी हुंदका गिळला. मग मूल रडायला लागलं आणि आक्काचा आवाज आला, हळू, अगदी हळू. ती काय म्हणतेय? रागावलीय का? आपलं नाव निघालं का? मावशीची मान नकळत दाराकडे वळली.

तशी ती उठली. पायऱ्या उतरली, गल्लीत आली. भिंतीपलीकडून अजून रडणं ऐकू येत होतं. ती पुढे गेली. शिंप्याचं दुकान, सायकलवाला, मग कोपरा. तिथेही कानांना ते बारीकसं लागतच होतं.

रस्ता ओलांडून मावशी आणखी पुढे चालत राहिली.