खुणेचं झाड

इस्पितळाच्या चादरी तिसऱ्यांदा परत आल्या, तेव्हा लाँड्रीवाल्या ताईचं डोकंच फिरलं. गठ्ठ्यावर मेट्रनबाईंची चिठ्ठी होती : 'चादरी पांढऱ्या हव्यात, चहात बुडवलेल्या नकोत. या बारा तुम्हीच ठेवा. पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरी लाँड्री पाहू.'

ताईचं निम्मं काम इस्पितळाचं. ते गेलं की शटर ओढायचं, इतकं ते सरळ होतं. आणि दोष ना साबणाचा, ना हाताचा. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी पूर्वी असं निर्मळ यायचं की कपड्यांना नीळही लागायची नाही. गेल्या वर्षी वर करवती सुरू झाल्या, माती धरून ठेवणारी मुळं गेली, आणि आता प्रत्येक सरीबरोबर थोडी थोडी टेकडी नळातून घरोघर येऊ लागली. बेकरीवाल्याच्या पावात वाळू कचकचायची. एका सकाळी शाळेच्या दारात बैलाएवढा दगड येऊन बसला. मुलांना दोन दिवस सुट्टी मिळाली, खूश झाली ती तेवढीच. उन्हाळ्यात तर झऱ्याची धार करंगळीएवढी झाली होती.

या करवतींचा मुकादम म्हणजे ताईचा सख्खा धाकटा भाऊ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

"अरे, जरा दमानं घे की," जेवायला वाढताना ताई म्हणाली.

"माझा काय दोष? परवान्यात स्वच्छ लिहिलंय, खूण केलेलं झाड तोडू नये. जंगलखात्याचे साहेब खुणा करायला कधी टेकडी चढलेच नाहीत. खुणेचं झाडच नाही, तर सोडू काय?"

"खूण कुणी करायची, तेही लिहिलंय?"

"नाही. का गं?"

"काही नाही. भाजी वाढू?"

खुणा हा तर ताईचा प्रांत. लाँड्रीत प्रत्येक घराची एक खूण असते, कॉलरच्या आत न जाणाऱ्या शाईनं केलेली. डॉक्टरांची फुली, बेकरीवाल्याचे तीन ठिपके, शाळेच्या बाईंचा त्रिकोण, धाकट्या भावाची चांदणी. आईनं दोघा भावंडांना अक्षरांआधी या खुणा शिकवल्या होत्या. नियम एकच : खुणेचा कपडा ज्याचा त्याला. लहानपणी मुकादम एकदा गिऱ्हाइकाचा सदरा घालून मिरवला होता. आईनं तो भर रस्त्यात उतरवला आणि त्याला उघड्या अंगानं परत द्यायला पिटाळलं होतं.

रविवारी करवती बंद असतात. ताईनं बाराही चादरींच्या पट्ट्या फाडल्या, एकेकीवर एकेका घराची खूण केली, आणि गुडघ्यांना शिव्या घालत टेकडी चढली. झऱ्याच्या वरच्या अंगाचं एकही झाड तिनं पट्टी बांधल्यावाचून ठेवलं नाही. त्या चादरी अखेर कामाला आल्या, याचं तिला फार बरं वाटलं.

सोमवारी दुपारी मुकादम दुकानात येऊन उभा राहिला. हात रिकामे, तोंड उतरलेलं.

"ताई, हा काय पोरखेळ?"

"परवाना वाच. खूण आहे ना?"

"ठेकेदार बोंबलतोय."

"बोंबलू दे. कागद त्यानंच आणलाय."

"मेट्रनबाई वर आल्या होत्या. खिडकीतून त्यांना आपल्या चादरी दिसल्या म्हणे. आधी माझ्यावर ओरडल्या, मग झऱ्यातला गाळ बघून गप्प झाल्या. पाणी निवळेपर्यंत थांबते, असा निरोप दिलाय."

ताईनं सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा इस्त्री उचलली. मुकादम मात्र जाईना.

"एकही पट्टी सोडवली नाही मी. हात होईना. सगळी झाडं वाचत फिरलो. डॉक्टर, बेकरी, शाळा... अख्खी वस्ती टांगलीयस तू तिथं." तो घुटमळला. "माझी चांदणी कुठं दिसली नाही. कुठलं झाड माझं?"

ताईनं इस्त्री खाली ठेवली.

"तुझी झाडं तू आधीच नेलीस रे."

मुकादम कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसला. मग उठून त्यानं फळीवरून शाईची बाटली घेतली, उरलेल्या एका पट्टीवर चांदणी काढली आणि ती खिशात ठेवली.

"खड्डे खणायची कुदळ अजून मागच्या खोलीतच आहे ना?" त्यानं विचारलं.