पिवळ्या खताची गोणी

केशरबाई वारल्याचं मैदानावर कळलं, त्या सकाळी माझं तोंड उघडं होतं आणि देवराव माझ्यातून घमेलं भरत होता. चौकीदार धर्मपाल ऑफिसातून आला आणि दारातच थांबला.

"देवराव, दवाखान्यातून फोन होता. वहिनी नाही राहिली गा."

"मले तिनंच धाडलं," देवराव म्हणाला. "आज खताची पाळी हाय म्हणे."

त्याने दाणे परत माझ्यात ओतले. सुतळीने तोंड बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. शेवटी धर्मपालने त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं.

मित्रांनो, मी बडनेरा रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या सामानखोलीतली गोणी आहे. माझ्यात पिकाचं खत नाही, मैदानाच्या गवताचं आहे. कारखान्यात युरियाच्या गरम दाण्यांवर वितळलेलं गंधक फवारलं आणि वरून मेणाचा पातळ थर दिला. त्या पिवळ्या कवचातून पाणी हळूहळू आत जातं आणि नत्र थोडं थोडं बाहेर येतं. एकदा टाकलं की अडीच-तीन महिने पुरतं.

यंदाच्या, दोन हजार सहाच्या, पावसाळ्यात मी इथे आले. माझं कौतुक कोणी केलं नाही. धर्मपाल म्हणाला, "माझा भाऊ धामणगावले युरियासाठी लायनीत उभा हाय, अन् इथं बॉल लाथाडायच्या गवताले पिवळं खत!"

मैदानाचं काम देवराव आणि केशरबाई हे नवरा-बायको दोघं करत. केशरबाई चौथी शिकलेली होती. माझ्या अंगावर छापलेलं तिने बोट ठेवून वाचलं. दाणे फोडू नयेत, असं त्यात लिहिलेलं होतं. देवरावने जन्मभर पराटीला, म्हणजे कापसाला, युरिया टाकलेला. चार दिवसांत पान काळंभोर झालं नाही तर त्याला चैन पडत नसे. तो रोज सकाळी मैदानावर जाऊन वाकून बघायचा.

"अजी, काहून रोज रोज पाहून राहिले? ते काय तुमाले पाहून हिरवं होणार हाय?"

"अवं, हे खत हाय का भुसा?"

"तुमाले तं लग्नाच्या मांडवातही घाईच होती."

ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या गोलपोस्टामागचा उघडा कोपरा तिने लावला. कालव्याच्या काठची हरळी आणून, कांडी कांडी खोचून, बसल्या बसल्या पुढे सरकत. खताचा पहिला हप्ता तिनेच दिला. दुसरा ऑक्टोबरात द्यायचा होता. त्याआधी ती दवाखान्यात गेली.

केशरबाईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी देवराव कामावर आला. पण तो कुठे टिकत नव्हता. नळ सोडायचा, बंद करायचा, परत सोडायचा. तिचा कोपरा फिका दिसत होता. दिवाळीनंतर सामने होते. खेळाडूंच्या बुटाखाली तो टिकेल की नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने तिथे तो राहिलेला हप्ता टाकला. पाच दिवस बघितलं. फरक दिसला नाही.

सहाव्या दिवशी तो घरून कपडे धुवायची मोगरी घेऊन आला. आपल्याकडे युरियाचे गड्डे झाले की गोणी बडवतात, तुम्ही पाहिलं असेल. त्याने माझ्यातले निम्मे दाणे फरशीवर ओतले आणि बडवायला लागला.

"काय करून राहिला बे?" धर्मपाल धावत आला.

"टरफलं फोडून राहिलो. आत माल हाय अन् हे देऊन नाही राहिलं."

"वहिनीनं वाचलं होतं ना, फोडू नका म्हणून?"

"तिले येळ होता," देवराव म्हणाला. "मले नाही."

मला तोंड असून बोलता आलं नाही. भुकटी त्याने मुठीने कोपऱ्यावर फेकली. ऑक्टोबरचं ऊन होतं. तिसऱ्या दिवशी पात्यांची टोकं पिवळी पडली. आठवड्यात सगळा कोपरा वाळलेल्या कुटारासारखा झाला. देवरावने दोन दिवस पाणी सोडलं. उपयोग झाला नाही. धर्मपाल येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. असं खत कोरड्या जागी ठेवा, आणि काही झालं तरी कुटू नका. कवच फुटलं की तो साधा युरियाच. तीन महिन्यांचं खाणं एका दिवसात गवताच्या मुळांना झेपत नाही. मी चांगलं काम करू शकते. पण मला त्यासाठी लागतात तेवढे दिवस द्यावे लागतात.

माझ्या तळाशी पाच-सहा किलो दाणे साबूत आहेत. सामने दक्षिणेकडच्या अर्ध्या मैदानावर उरकले. काल देवराव कालव्यावरून हरळी घेऊन आला. कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने माझ्याजवळ ठेवल्या आहेत. सकाळपासून तो तीनदा कोपऱ्यापर्यंत गेला, खाली बसला आणि उठून परत आला.

अजून एकही कांडी लावलेली नाही.