हलकाबाबाचं वजन

शाळेसमोरच्या मैदानात त्या रविवारी एवढी गर्दी होती की तिच्या निम्मी माणसं ग्रामसभेला आली असती, तर सरपंचाला भोवळच आली असती. मधोमध स्टुलावर गोविंदराव बसले होते. डहाणूजवळच्या आगरचे चिकूवाडीवाले. वजन शंभराला टेकलेलं. गुडघेदुखीवर उतारा मिळेल म्हणून ते मुद्दाम तलासरीजवळच्या आमच्या पाड्यावर आले होते. भोवती उभ्या असलेल्या चौघांत एक मी, इथल्या शाळेचा मास्तर. हलकाबाबाने गर्दीतून मलाच ओढलं होतं. शिकलेला साक्षीदार बरा पडतो.

"दोघांनी काखेत बोटं घाला, दोघांनी गुडघ्याखाली. उचला!"

आम्ही आपापल्या परीने जोर लावला. गोविंदराव ढिम्म.

"बघितलंत?" बाबा गरजला. "माणसाचं वजन म्हणजे काय? चिंता अधिक पाप! चिंता मी काढतो, पाप मी फुंकतो. मग उरतं काय? फूल!"

हा बाबा कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गुजरातीत विचारलं तर तो महाराष्ट्रातला असायचा, मराठीत विचारलं तर गुजरातचा.

त्याने आम्हा चौघांचे हात गोविंदरावांच्या डोक्यावर एकावर एक ठेवायला लावले. मग पुन्हा बोटं लावायला सांगून तो म्हणाला, "हलका फूल, हलका फूल, हलका... फूल!" शेवटच्या शब्दाला आम्ही उचललं आणि गोविंदराव चक्क वर गेले! बायकांनी हात जोडले. बाबासमोर दक्षिणा म्हणून जमलेल्या कोंबड्यांत आणखी एकीची भर पडली. माझा विश्वास बसला नव्हता, पण बोटं माझीच होती.

तेवढ्यात रूपी धावत आली. "धाकल्या ताडावरून पडला!"

धाकल्या तिचा नवरा, ताडी काढणारा. गर्दी तशीच शेताकडे पळाली. तो झाडाखाली उताणा पडून कण्हत होता, पण शुद्धीवर होता. धापा टाकत बाबाही पोचला. असं गिऱ्हाईक त्याला कुठे मिळणार!

"उठवून बसवा त्याला! फूल करतो. अंग फूल झालं की दुखणंही फूल!"

आमच्यातले दोघे पुढे सरसावले.

"कुणी हात लावायचा नाही!"

हा आवाज सुनीता सिस्टरचा. ती उपकेंद्राची परिचारिका, पोलिओचे डोस द्यायला आज पाड्यावर आलेली. तिने रूपीच्या भावाला, प्रवीणला, धाकल्याच्या उशाशी बसवलं आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरायला सांगितलं.

"धाकल्यादादा, मान हलवू नका, नुसतं बोला. कुठे दुखतं?"

"पाठीत. मधोमध."

तिने श्वास बघितला, कुठे रक्त वाहतंय का ते बघितलं, पोट चाचपलं. मग पायाशी गेली. "बोटं हलवा." बोटं हलली. "आता मी कशाला हात लावलाय?"

"अंगठ्याला."

ती रूपीकडे वळली. "मणका मोडलेला असू शकतो. आतली नस अजून शाबूत दिसते. पण बसवलं आणि ती दबली, तर हे पाय कायमचे जातील. आडवाच न्यायचा." तिने रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. गाडी रस्त्यापर्यंतच येणार होती, पुढचे बांध आम्हालाच ओलांडायचे होते. जवळच राहणाऱ्या एका पोराला तिने पिटाळलं. "शुक्रा, तुझ्या घराचं दार काढून आण. पळ!"

"अरे, आडवं नेतात ते मढं!" बाबा ओरडला. "नवरा हवा की मढं, बोल बेटी!"

रूपीने सिस्टरचा हात धरला. "सिस्टर, बाबांनी शेटला उचललं ते मी डोळ्यांनी बघितलं. तुमचं काय बघू?"

सिस्टरच्या डोळ्यांत खोडकर हसू चमकलं. "दार येईपर्यंत बघूनच घेऊ. बाबा, तुमच्यात पाप किती?"

"शून्य!"

"चिंता?"

"शून्य!"

"मग तुम्ही फूलच. मंत्र लागणारच नाही. बसा या बांधावर."

नाही म्हणायची सोय नव्हती. बाबा बसला.

"ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा उचला," सिस्टर आम्हाला म्हणाली. आम्ही उचललं. फूल जागचं हललं नाही. कुणीतरी खुदकन हसलं.

"आता माझा मंत्र. शेवटच्या शब्दाला चौघांनी एकदम." तिने गंभीर चेहऱ्याने डोळे मिटले. "चिकू... बोंबील... ताडी!"

बाबा वर! पाय हवेत, गळ्यातली माळ नाकावर.

"अरे, बोंबलाने पाप जातं होय!" गोविंदराव पोट धरून हसू लागले.

"पाप होतं तिथेच आहे," सिस्टर म्हणाली. "मघाशी एकाने आधी जोर लावला, दुसऱ्याने नंतर, म्हणून कुणालाच पेललं नाही. चौघांनी एकाच क्षणी उचललं की वजन चौघांत वाटलं जातं. मंत्र फक्त वेळ सांगतो."

रूपीने पदराने डोळे पुसले. "शुक्रा, दार आणलंस का रे?"

दार आलं. प्रवीणने डोकं सोडलं नाही. आम्ही धाकल्याला ओंडक्यासारखा, डोकं-पाठ-पाय एका रेषेत ठेवून कुशीवर वळवला, खाली दार सरकवलं आणि तसाच त्यावर आणला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना लुगड्यांच्या गुंडाळ्या लावल्या, अंग दाराला बांधलं. उचलताना सगळे एका सुरात म्हणाले, "चिकू... बोंबील..."

"ताडी नका म्हणू," दारावरून क्षीण आवाज आला. "तिच्यापायीच पडलो."

मग तिसरा शब्द 'चला' ठरला. प्रत्येक बांधावर थांबून सिस्टर त्याला पायाची बोटं हलवायला लावत होती, आणि ती हलली की रूपीचा अडकलेला श्वास सुटत होता. गाडी आली, धाकल्या डहाणूला गेला. आम्ही परतलो तेव्हा बाबा नव्हता. घाईत कोंबड्या मात्र विसरला होता.

मणक्याला तडा गेला होता, नस वाचली होती. धाकल्या बरेच दिवस पडून होता, मग पट्टा बांधून चालायला लागला. ताडावर चढायचं नाव काढलं की रूपी अजून डोळे वटारते.

बाबा लोक येतच राहतील. चमत्कार दिसला की जरूर बघा, हवं तर टाळ्याही वाजवा. पण हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: मंत्र काढून टाकला, तर हे होतं का? आणि कुणी झाडावरून पडला, तर त्याला ओढू नका, बसवू नका, आधी फोन लावा. माणसाला उचलायला माणसंच लागतात. फक्त ती एका वेळी, एका विचाराने पुढे यावी लागतात.